माणशी बेचाळीस पौंड

मार्लीनच्या सुनेने वाढदिवसाला कूपन दिलं:
'गिरणीतली दुपार', चौघींसाठी चहा,
जुन्या पोशाखात आलात तर टोपी मोफत.
ग्लेनिस म्हणाली, टोपी? कधी घातली होती आपण टोपी?
केस तेवढे बांधायचो,
तेही तिच्या बहिणीची वेणी पट्ट्यात गेली त्यानंतर.

मग रोजच्याच कपड्यांत गेलो, बर्नलीहून बसने,
म्हातारपणाच्या पासावर.

विणकाम खात्याचं आता भोजनगृह झालंय.
जमीन घासून घासून मधाच्या रंगाची केलीय
आणि तेलाचा वास कुठे गेला कळत नाही.
मी मुद्दाम खांबाशी नाक नेलं.
व्हॅनिला.

वाढणारी पोरगी एकोणीसची असेल, नाव इमोजेन.
करडं एप्रन, गालांवर काजळी.
"काजळी कशाला गं?" नॉरीनने विचारलं,
"इथे कापूस होता, कोळसा नव्हे.
आम्ही संध्याकाळी पांढऱ्या होऊन निघायचो."
ती लाजली. बोटाने एक गाल पुसला,
दुसरा राहिलाच.

तीन मजली तबक आलं.
खाली काकडीची सँडविचं, सुतळीने बांधलेली,
मधे स्कोन,
वर कांडीच्या आकाराचे केक, गुलाबी साखरेचं सूत गुंडाळलेले.
मुरंबा तेलाच्या बुधलीत.
ग्लेनिसने कांडी उचलली
आणि अंगठ्याने सुताचं टोक शोधू लागली.
मग भान आलं, तेव्हा खाल्ली.

इमोजेन पाठ केलेलं म्हणू लागली:
या दालनात तीनशे साचे होते
(चारशे बारा, पण आम्ही गप्प)
आणि कामगार स्त्रिया कामावर आनंदाने गाणी गात.
मार्लीनच्या नाकातून चहा आला.

गाणी! त्या धडधडाटात
स्वतःची शिंक ऐकू यायची नाही.
ओठांनी बोलायचो आम्ही,
तोंड मोठं करून, आवाज न काढता, सहा साच्यांपलीकडे:
मुकादम येतोय. हिला दिवस गेलेत.
शुक्रवारपर्यंत दोन शिलिंग देशील?
नॉरीनचं लग्न मोडलं तेही मला असंच कळलं,
ती तिकडे, मी इकडे, मधे धोटे धावताहेत,
आणि जवळ जायला
जेवणाची सुट्टी व्हायची होती.

आता चौघींत मिळून सात कानयंत्रं.
चमचे किणकिणतात, कोपऱ्यात कुणी पियानो बडवतंय,
यंत्रं कानात किंचाळतात.
शेवटी मार्लीनने काढली, बशीत ठेवली
स्कोनच्या चुऱ्याशेजारी.
मग आम्हीही.

आणि बोलू लागलो. पंचेचाळीस वर्षांनी,
तशाच.
केक कोरडा आहे.
तुझ्या मागच्या माणसाचा टोप बघ, हळूच.
बेचाळीस पौंड! मी पहिल्या आठवड्याला पाच घरी नेले होते.
शेजारच्या टेबलाला वाटलं असेल,
म्हाताऱ्या आहेत, घास घोळवतायत.

मग नॉरीनने, मुरंबा लावता लावता,
तीन आठवडे फोनवर जे सांगवलं नव्हतं
ते सांगितलं.
डॉक्टर. फुप्फुस. डावं.
एकेक शब्द सावकाश, तिघींकडे वळून वळून,
नीट दिसावं म्हणून.
ग्लेनिसने शेवटची कांडी
तिच्या बशीत सरकवली.

चारला भोंगा वाजवतात इथे, कार्यक्रमाचा भाग.
लोकांनी टाळ्या दिल्या म्हणे.
आम्ही ऐकला नाही,
पण जमिनीतून पायांना कळला
आणि चौघी उभ्या, कोट शोधत.

इमोजेन धावत आली. काही चुकलं का?
तिच्या ओठांवरून वाचलं मी.
"नाही गं," नॉरीन म्हणाली, चांगली मोठ्याने,
"पाळी सुटली,"
आणि रुमालाचं टोक ओलं करून
तिचा राहिलेला गाल पुसून दिला.

उरलेले स्कोन डब्यात बांधून घेतले.
बसमध्ये कुणीच यंत्रं चढवली नाहीत.
बर्नली येईपर्यंत
बरंच बोलायचं होतं.